आधी हलणारी मान

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. ठाण्यातल्या बाळकुमच्या एका फ्लॅटमध्ये तुम्ही पलंगाच्या कोपऱ्यात गप्प बसला आहात. समोर तुमची आई मोबाइलपुढे नोकरीची मुलाखत देते आहे. प्रश्न माणूस विचारत नाही, यंत्र विचारतं.

तशीच तिथे रसिका बसली होती. आईने तिला आधीच बजावलं होतं, "रसू, शिंकलीस तरी बघ हं! किती महिने घरी बसलेय मी. ही नोकरी मिळायलाच हवी."

"नंदाजी, रोज नौपाड्याला याल?" यंत्राने गोड आवाजात विचारलं.

मोबाइलच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आईने मान डोलावली. मग खऱ्या आईने डोलावली.

रसिका चमकली. नेट अडकलं की चित्र मागे राहतं. हे पुढे गेलं होतं.

"उशिरापर्यंत थांबाल?"

स्क्रीनवरची आई हसली. मग आई अगदी तस्संच हसली.

"घरी लहान मूल आहे?"

स्क्रीनवरच्या आईने 'नाही' म्हणून मान हलवली.

 मग खऱ्या आईची मान हळूहळू डावीकडे वळू लागली.

रसिका धावली. तिने आईचे गाल दोन्ही तळव्यांत पकडले आणि सगळा जोर लावून ती मान सरळ धरून ठेवली.