चारिंगताईला सांगितलेलं

पाळी चुकून दोन महिने होत आले, तेव्हा नेनितानं शेजारच्या चारिंगताईला सांगितलं. बंदरामागच्या त्या गल्लीत दोघी दारात बसून बाजारासाठी लसूण सोलायच्या.

"सहावं?" चारिंगताईचा हात थांबला. "मागच्या खेपेला डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

"आणखी एक झालं तर मी वाचणार नाही म्हणाली. नवऱ्यासमोरच म्हणाली, दोमिंगसमोर."

"मग? गोळ्या का नाही घेतल्यास?"

"सासूबाईंनी गोळ्या चर्चमध्ये फादरच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर. दोमिंग खाली बघत उभा राहिला."

"आणि तो स्वतः ऑपरेशन..."

"तो?" नेनिता हसली. "गोदीतल्या बेर्तोनं केलं, त्याला अजून खच्ची बोकड म्हणतात. दोमिंगही म्हणतो."

संध्याकाळी दोमिंग गोदीवरून आला. पाच पोरांची ताटं वाढून झाल्यावर पातेल्यात भात उरला नव्हता.

"तू जेवलीस?"

"मघाशीच."

त्यानं आपल्या ताटातली सुकी मासळी तिच्याकडे सरकवली. "किती वाळलीस गं. खा." तिनं ती धाकट्याच्या ताटात टाकली. सांगावं असं एकदा ओठांवर आलं, पण सासूबाई जपमाळ घेऊन शेजारीच बसल्या होत्या.

शुक्रवारी ती मोठ्या चर्चसमोर गेली. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईनं पदपथावरच्या टोपलीतून काळपट बाटली काढून दिली. "तीन दिवस घे. मोकळी होशील."

दुसऱ्याच दिवशी तिला झटके आले. दोमिंगनं तिला उचलून सायकलरिक्षात घातलं. चारिंगताई मागून धावली.

सरकारी दवाखान्यात तासाभरानं डॉक्टरीण बाहेर आली. नेनिता गेली होती.

"काय प्यायली होती?"

चारिंगताईनं सगळं सांगून टाकलं. "पोटात होतं तिच्या. मरणाला घाबरली बिचारी."

"पोटात काही नव्हतं," डॉक्टरीण म्हणाली. "उपाशी राहून अंगातलं रक्त आटलं होतं, म्हणून पाळी थांबली. बाटलीतल्या विषानं गेली ती."

चारिंगताई दोमिंगकडे वळली. "तिनं तुला एकदा सांगायला हवं होतं रे."

दोमिंग भिंतीला टेकून खाली बसला.

"मी तिला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "ऑपरेशन करून मला वर्ष झालं."