कोटवाल्याचा श्वास

चौथ्याच मिनिटाला भिंगरीने एक डोळा उघडला.

"श्वास आत... श्वास बाहेर..." पडद्यावर शांतिसर सांगत होते. डोळे मिटलेले, पाठ ताठ, आवाज मधात बुडवून काढलेला. ऑनलाइन ध्यानवर्गाचा आज शेवटचा दिवस होता. वीस मिनिटं जो हलणार नाही, बोलणार नाही, त्याला प्रमाणपत्र. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. हा नियम सरांनी तीनदा वाचून दाखवला होता, तिन्ही वेळा भिंगरीचं नाव घेऊन.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. लक्ष न टिकण्याचा विकार, असं डॉक्टरांनी तेविसाव्या वर्षी सांगितलं. आई त्यालाच पाचव्या वर्षापासून धांदरटपणा म्हणत होती, तेही फुकटात. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात भिंगरीचा हात असा चालायचा की बघत राहावं, पण बाई एका वेळी पाच घड्याळं उघडून बसायच्या. गेल्या महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाचे काटे दुसऱ्याच्या घड्याळात बसवले. दोन्ही घड्याळं वेळ अगदी बरोबर दाखवत होती, पण गिऱ्हाइकांचं तेवढ्यावर समाधान होईना. मग दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "तो ध्यानाचा वर्ग पूर्ण कर. प्रमाणपत्र आण, नाहीतर कामावर येऊ नकोस." घड्याळांखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. म्हणून आठ शनिवार ती सकाळी सकाळी खुर्चीला खिळून बसत आली होती.

वर्गात सगळे तिच्यासारखेच. कुणी पाय हलवायचं, कुणी नखं खायचं, एकाला तर दर दहा मिनिटांनी पाणी प्यायची आठवण व्हायची. अपवाद फक्त कोटवाल्यांचा. त्यांच्या चौकोनात गळ्याखालचा काळा कोट तेवढा दिसायचा, दोन्ही बाह्या खिशात. चेहरा दाखवायची सक्ती नव्हती. "कोटवाल्यांकडे बघा जरा!" सर दर शनिवारी म्हणायचे. "शिका काहीतरी." त्या माणसाचा भिंगरीला मनापासून राग यायचा.

सरांनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. कुणाच्या, ते सांगितलं नव्हतं. स्वतःच्या श्वासाचा तिला केव्हाच कंटाळा आला होता. ती इतरांचे बघू लागली. नखंवालीचे खांदे वरखाली होत होते. पाणीवाल्याचं पोट बंद पडत आलेल्या घड्याळासारखं अडखळत चालत होतं. कोटवाल्यांचा कोट मात्र हलेना.

ती बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. बाहेर कुत्रं भुंकलं, मोबाइल थरथरला, आईने भांडं पाडलं. भिंगरीची नजर हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं मन एका जागी बसलं होतं, आणि बसलं तेही एका मेलेल्या माणसापाशी!

ओरडलं तर प्रमाणपत्र गेलं, दुकान गेलं, काकांनी तिला दिलेलं भिंगही गेलं. तिने आणखी एक मिनिट वाट पाहिली. कोट तसाच. गेलं खड्ड्यात प्रमाणपत्र!

"सर! कोटवाले श्वास घेत नाहीयेत!"

"विचार आला," सर डोळे मिटूनच म्हणाले. "येऊ द्या. आता जाऊ द्या."

"अहो, विचार कसला! माणूस जातोय इथे!"

इतरांनी प्रमाणपत्राच्या धाकाने डोळे आणखी घट्ट मिटले. सरांनी मात्र उघडले, कोटवाल्यांकडे पाहिलं आणि हात जोडले. "याला म्हणतात एकाग्रता! तुम्ही एवढ्या किंचाळलात, तरी ते जराही हलले नाहीत." एवढं बोलून त्यांनी भिंगरीला वर्गाबाहेर काढलं.

कोटवाल्यांचं ना नाव माहीत ना पत्ता. काय करावं ते न सुचून ती धावत दुकानात पोचली. काका अर्ध्या बाहीच्या शर्टात काम करत होते.

"काका, एक माणूस मेलाय आणि मी नापास झालेय," ती धापा टाकत म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं.

काकांनी चिमटा खाली ठेवला. "कोट काळा? वरचं बटण तुटलेलं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

काका कान खाजवू लागले. "माझ्या लग्नातला आहे तो. म्हटलं, पोरीला बसवतोय तर आपणही बसून बघावं. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. कोट खुर्चीवर चढवला आणि आलो दुकान उघडायला. मग दर शनिवारी तेच. तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. प्रमाणपत्र नुकतंच आलं होतं: 'अढळ एकाग्रता. विशेष श्रेणी.'

भिंगरीला हसावं की रडावं कळेना. "मग मी... सोमवारी येऊ की नको?"

काकांनी आपल्या शेजारची तिची खुर्ची पुढे ओढली, फडक्याने पुसली आणि तिचं भिंग तिच्या हातात ठेवलं.

"जो पास झालाय त्याला उद्या इस्त्रीला टाकतो," ते म्हणाले. "तू बस कामाला."