उत्तरेला उशी

“आजींना विचारल्याशिवाय काही करू नका. अंग त्यांचं आहे,” घरी येणाऱ्या अनिसा सिस्टरनं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. सोनियानं मान हलवली अन् सोडून दिलं.

सासूला काय विचारायचं? पोटातली गाठ ऑपरेशनच्या पलीकडं गेलेली. दुखणं कमी करायचं, अंग स्वच्छ ठेवायचं, एवढंच हातात होतं. तिनं सासूचं लुगडं सोडून तिला गाऊन घातला, वेणी कापली, लक्ष राहावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं.

केसरबाईंनी सगळं चालवून घेतलं. अडल्या एकाच गोष्टीवर.

“उशी त्या टोकाला घाल.”

ते टोक उत्तरेचं. तिकडं डोकं करतात ते माणूस गेल्यावर. एम.कॉम. होऊनही सोनिया हे मानायची. घरात रांगतं लेकरू.

“नको आत्या. अपशकुन असतो.”

“मला कशाचा गं अपशकुन? मी काय नवरी हाय?”

सोनिया ऐकेना. बजाजनगरची खोली सोडून हर्सूलला येताना दवाखाना जवळ पडतो, असं तिनं सासूला सांगितलं होतं. सुदर्शनला कंपनीनं चेन्नईला पाठवलंय, हेही तिनंच सांगितलं. नवऱ्याचा फोन अधूनमधून यायचा. सुट्टी मिळत नाही, म्हणायचा. केसरबाई विचारायच्या, तिकडं ऊन लई का रे. मग फोन परत देऊन भिंतीकडं तोंड करायच्या.

एका दुपारी त्या अर्धवट फिरलेल्या सापडल्या. पाय खाली लोंबत होते, कोपर खरचटलं होतं, धाप लागली होती. स्वतःच वळायला गेल्या होत्या. सोनियानं त्यांना उचलून पुन्हा जुन्या बाजूला निजवलं. काही झालं तर हे मला काय म्हणतील, असं तोडून बोलली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही केसरबाईंनी हात उचलला नाही.

सिस्टर आली. कोपर बघून ती सोनियाशी बोललीच नाही. खाटेच्या कडेला टेकली.

“आजी, कसं निजायचंय?”

केसरबाईंनी बोट दाखवलं.

सोनियानं आधी दार लावलं. मग पेटीतलं मऊ लुगडं काढून सासूच्या अंगावर घातलं, पदर डोक्यावरून घेतला. दोघींनी मिळून त्यांना सावकाश फिरवलं. पाठीशी उशा दिल्या. तोंड दक्षिणेच्या खिडकीकडं झालं अन् कपाळावरची आठी उलगडली.

सिस्टर गेली तरी केसरबाई बाहेरच बघत होत्या. तहान लागलेल्या माणसासारख्या.

“काय दिसतं तिकडं, आत्या?”

“जेलची भिंत,” केसरबाई म्हणाल्या. “मुलाकातीला जाशील तवा नीट बघून ये गं, माझा सुदर्शन बरा हाय का.”