परकी हवा

बार्शीहून आलेल्या वडिलांना टोरांटोच्या विमानतळावर मिठी मारताच हेमांगीचा श्वास कोंडला. डोळे चुरचुरले, छातीत शिट्टी वाजू लागली. प्रवासाचे कपडे असतील, असं तिला वाटलं. पण घरी अंघोळ करून, जावयाचा सदरा घालून अप्पा शेजारी बसले तरी खोकला थांबेना.

दोन वर्षांपूर्वी इथल्या झाडांच्या परागकणांनी बेजार झाल्यावर तिने हवा मानवण्याची लस घेतली होती. तेव्हापासून तिच्या शरीराला इथली हवा आपली झाली आणि बार्शीची परकी. अप्पांच्या उच्छ्वासातही बार्शीचीच हवा होती.

तीन दिवस ती या खोलीतून त्या खोलीत पळत राहिली. चौथ्या दिवशी अप्पा दवाखान्यात निघाले.

"मीपण ती लस टोचून घेतो. म्हणजे माझा श्वासही इथलाच होईल."

"मग तुम्हाला बार्शीत श्वास घेता येणार नाही, कायमचाच. आई तिकडे एकटी आहे, अप्पा!"

बूट घालता घालता अप्पा थांबले.

"मग तुला जवळ कसं घेऊ गं?"

हेमांगीने दारातूनच खोल श्वास घेतला, तो छातीत धरून ठेवला आणि धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.