पाण्याची रेघ

"आदी पान्याची रेघ वड, सोजर. मग काडी."

सासूचा हा आवाज अठरा वर्षांमागं विझला होता. या चैत्रापासून तो पुन्हा येऊ लागला. ओढ्याकाठी आलं की जास्तच.

सोजरबाई गुडघ्यांवर बसून खड्डा काढत होती. वर राख, खाली काळी माती, अजून खाली गेलं तरी बोटांना राखच. पलीकडे कॉलेजच्या पोरी उतारावर बारदान अंथरून खुंट्या ठोकत होत्या. काठ वाहून जाऊ नये म्हणून. आषाढातला कोरडा वारा बारदानाखाली शिरे आणि ते फडफडे. फडफडलं की सोजरबाईचा हात थांबे. चैत्रातली आग पुढं सरकताना असाच आवाज करत होती.

"मावशी," निर्गुडीच्या फांद्यांची मोळी घेऊन आलेली आरोही म्हणाली, "फांदी रोवायचीय, कुणाला पुरायचं नाहीये. केवढा खड्डा!"

पोरी हसल्या. सोजरबाईही हसली. ओठ दातांना चिकटले.

पोरी सोलापूरहून दर रविवारी येत, जळालेला काठ पुन्हा उभा करायला. गावातली दोनच माणसं येत. एक सोजरबाई, एक म्हातारा मेंढपाळ तिप्पण्णा. सोजरबाईचं रान ओढ्याला लागूनच. आग ओढ्यातून तिच्या बांधावर चढली आणि ज्वारीची धसकटं खाऊन गेली, असं सगळे धरून चालले होते. "तुमचंही एवढं जळलं, तरी येता," असं पोरींच्या चेतना मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. पाठीवरून हात फिरवला होता. तो हात अजून पाठीवरून निघाला नव्हता.

तिप्पण्णा डोहातून घागर घेऊन आला. आरोहीनं थर्मासातला चहा त्याच्यापुढं धरला.

"आजोबा, घ्या की आज तरी. दर रविवारी नाहीच म्हणता."

"नगं, बाळ. त्या दिसापास्नं सोडला."

"चहानं काय केलं बिचाऱ्यानं?"

"त्या सकाळी हितंच तीन दगडं मांडून च्या केलता मी." त्यानं घागर खाली ठेवली. "आन् दुपारपत्तूर वढा न्हवता."

आरोहीनं हात मागं घेतला. कप तिथंच दगडावर ठेवून ती निघून गेली.

सोजरबाईनं खुरपं मातीत तसंच धरून ठेवलं. तीन महिने ती एवढ्याच आधारावर निजत होती, की कुणी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

समोरच्या जळक्या शिंदीवर एक सुगरण आली. नव्यानं लावलेल्या लव्हाळ्यातली हिरवी चिरी तिच्या चोचीत होती. झावळीच्या थोटकाला ती चिरी गुंडाळू लागली. कोळशाचा ढलपा सुटला आणि चिरीसकट डोहात पडला.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. वनरक्षक फाईल आणि शाईची डबी घेऊन खाली उतरला.

"तिप्पण्णा, या इकडं. आज तुमचा कागद पुरा करू. मेंढरं राखता राखता ओढा खाऊन बसलात की राव." त्यानं कागद वाचला. "चुलीतला विस्तव न विझवता मी निघून गेलो. बरोबर?"

तिप्पण्णा आपल्या पायांकडं बघत म्हणाला,

"पानी टाकलं का न्हाय, ध्यानात येत न्हाय बगा, साहेब. रातच्याला लई आटवतो. टाकलं असंल वाटतंय. मग वाटतंय, न्हाय टाकलं. आता वय झालं. असंल, माजाच असंल."

"केस होणार. आणि या रानात पुन्हा मेंढरं आणायची नाहीत. कळतंय का?"

"मग कुटं न्हेऊ त्यास्नी?" एवढं त्याच्या तोंडून गेलं, आणि त्यानं स्वतःच मान हलवली. "व्हय. आता कुटल्या तोंडानं इचारू."

त्यानं अंगठा शाईत दाबला.

सोजरबाईनं खुरपं टाकलं. त्या सकाळी लाइट नव्हती, मोटर बंद होती, बांध भिजवायचा राहिला होता. वारा निजलेला होता. एकच बांध तर आहे, असं ती मनाशी म्हणाली होती. मग वारा उठला, आणि ती रिकामी घागर घेऊन ओढ्याकडं धावली. धावताना वाटेत जे दिसलं, ते तेव्हापासून तिच्या डोळ्यांत तसंच होतं.

बार्शीचं कोर्ट. जावेचं तोंड. पाराजवळून जाताना गप्प होणारी माणसं. आणि या पोरी. उठावं म्हणून तिनं हात टेकला. बारदान फडफडलं. "सोजर," सासू म्हणाली, इतकंच.

ती उठली. दगडावरचा कप घेतला. चहा गार झाला होता, थोडा बोटांवर सांडला. तिप्पण्णाचा अंगठा कागदापासून वीतभर असताना तिनं कप मध्ये धरला.

"ओ मावशी, काम चाललंय!" वनरक्षक म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"च्या घ्या, तिप्पण्णा. पानी टाकलं हुतं तुमी. तुमची दगडं वली हुती, राख गार हुती, मी माज्या डोळ्यांनी बगितलं." तिनं कप त्याच्या हातात दिला. "माजा बांध कोरडा हुता. काडी मी वडली."