मंगळ ते गुरू

"एवढी मोठी भिंत रिकामी कशी?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आणि पेंटरबाई शिडीवरून खाली उतरल्या.

हॉस्पिटलचा हा कॉरिडॉर तीस मीटरचा. ऑपरेशन झालेल्या पेशंटनी इथे चालायचा सराव करायचा, म्हणून भिंतीवर काहीतरी बघण्यासारखं हवं होतं. सूर्यमाला डॉक्टरांनीच सुचवली होती. आता गडद निळ्या रंगावर वॉर्डाच्या दारापाशी सूर्य होता आणि पलीकडच्या टोकाला, खिडकीजवळ, नेपच्यून. पण बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ पहिल्या दीड मीटरमध्येच दाटीवाटीने बसले होते. त्यानंतर कुठे गुरू, कुठे शनी, बाकी सगळा नुसता निळा रंग. आणि संध्याकाळी विश्वस्त बघायला येणार होते.

डॉक्टर शिस्तीचे. तीसला आठने भागून दर पावणेचार मीटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने खडूची खूण करून ठेवली होती. बाईंनी त्या खुणांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पृथ्वी सूर्यापासून एक मीटरवर धरली, तर मंगळ दीड मीटरवर येतो, गुरू पाच मीटरच्या जरा पुढे आणि नेपच्यून थेट तिसाव्या मीटरला, असं बाईंनी समजावून सांगितलं. आकारांत लबाडी केलीय, हेही त्यांनी आपणहून कबूल केलं. खऱ्या मापाची पृथ्वी भिंग लावूनच शोधावी लागली असती, म्हणून ती वाटीएवढी काढली आणि गुरू परातीएवढा. अंतरं मात्र टेप लावून घेतलेली. साध्या दुकानाच्या पाटीवरही दोन अक्षरांमधली जागा बाईंनी कधी अंदाजाने सोडली नव्हती.

"लोकांना ग्रह हवे असतात, अंतर नको असतं," डॉक्टर म्हणाले. "चार वाजेपर्यंत सगळे सारख्या अंतरावर घ्या. नाहीतर मी दुसरा पेंटर बोलावतो."

"बोलवा. पण सूर्यमाला काही तुमचं अंथरूण पाहून पाय पसरत नाही, डॉक्टर."

बाई बोलून तर गेल्या. पण हे नऊ दिवसांचं काम होतं. त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी ब्रश फिरणार, आणि तोही चुकीचं काढायला, हे त्यांना सोसणार नव्हतं.

मागे चाकाच्या खुर्चीत बसून कुणीतरी हसलं. ते ड्रायव्हरकाका होते. पस्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून अकरा दिवसांत त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. व्यायाम घेणारी मुलगी गोडीगुलाबीने सांगून थकली होती, रागावून थकली होती. पलीकडे जाऊन करायचं काय, खिडकीच ना, एवढंच काकांचं उत्तर असायचं.

"डॉक्टरसाहेब, थांबे बरोबर लागलेत," काका म्हणाले. "गावात हाकेच्या अंतरावर, गाव सोडलं की लांब लांब." मग त्यांनी बाईंना विचारलं, पहिला किती लांब?

"बुध? एकोणचाळीस सेंटीमीटर."

"म्हणजे एक पाऊल." काकांनी भिंतीवरची खडूची पहिली खूण डोळ्यांनी शोधली. "आणि साहेबांचा पहिला थांबा तिकडे. तिथवर मी मेलो तरी गेलो नसतो."

त्यांनी हात पुढे केला. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्या मुलीने घाईघाईने त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्यांना उभं केलं. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. काका थरथरले, पण बुधापाशी पोचले. दम खाल्ला. मग शुक्र. पृथ्वी आल्यावर त्यांनी मान वळवून विचारलं, "इथे कोणी उतरणारंय का?"

मंगळावर पंजा टेकून ते बराच वेळ उभे राहिले. पुढे पावणेचार मीटर काहीच नव्हतं. भिंतीवरचा, धरून चालायचा कठडाही अजून बसायचा होता. मुलगी म्हणाली, आज एवढं पुरे. डॉक्टरही तेच म्हणाले. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि गुरूकडे पाहिलं.

"गाव सोडल्यावर गाडी मध्येच उभी करायची नसते," ते म्हणाले.

एक पाऊल, मग भिंतीला हात. पुन्हा पाऊल, पुन्हा हात. मोठे डॉक्टर रिकामी खुर्ची स्वतः ढकलत त्यांच्या मागून चालले होते. पाचव्या पावलाला काठी सरकली, मुलीने पट्टा घट्ट धरला, काकांनी एक शिवी हासडली आणि ते पुढे निघाले. अकरावं पाऊल गुरूपाशी पडलं. काका खुर्चीत बसले तेव्हा घामाने निथळत होते, आणि त्यांना स्वतःलाच हे खरं वाटत नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की त्या दोन मिनिटं भिंतीचं विसरूनच गेल्या.

"आता शनी," काका म्हणाले. "उद्या. लांबचा पल्ला आहे, झोप काढून निघतो."

डॉक्टरांनी घसा खाकरला. भिंत आहे तशीच राहू द्या, म्हणाले, विश्वस्तांना काय सांगायचं ते मी बघतो. मग ते वळले आणि थबकले. सकाळीच रंगाचा दुसरा हात दिलेला मंगळ अजून ओला होता. तिथून गुरूपर्यंत, निळ्या रंगावर, काकांच्या बोटांचे तांबडे ठसे उमटले होते, वेडेवाकडे, लहानमोठे. निदान पाहुणे येण्याआधी एवढं तरी साफ करू, म्हणत डॉक्टरांनी बाईंच्या बादलीवरचं फडकं उचललं.

बाईंनी त्यांचा हात धरला.

"पुसू नका. मंगळ आणि गुरूच्या मध्ये खडकांचा पट्टा असतो. तो माझ्याकडून राहून गेला होता."