उणे दोन तिखट

हिरवी चटणी थांबेना.

द्रोण भरला, ताट भरलं, टेबल भरलं, आणि मिरचीची ती धार आता चारकोपच्या गाळ्यातल्या फरशीवर उतरून शौनकच्या नव्या बुटांकडे निघाली. मालक विद्याधरकाका भेळेच्या मशीनच्या नळीला दोन्ही तळहात लावून उभे होते. चटणी त्यांच्या बोटांच्या फटींतून कारंज्यासारखी उडत होती. मशीन विकत घ्यायला आलेली गोराईची फ्लेविया, जुहूच्या भेळेच्या स्टॉलांची मालकीण, पर्स डोक्यावर धरून भिंतीला चिकटली होती.

"बंद कर! अगं, बंद कर ना!" काका ओरडले.

इरावतीने प्लग उपटला.

काकांनी चष्मा पुसला. म्हणजे काचांवर चटणी सगळीकडे सारखी पसरवली. तरी ते नेमके इरावतीकडेच वळले.

"ड्रायव्हर कोणाचा?"

ड्रायव्हर इरावतीचा. स्क्रीनवर माणूस काय दाबतो ते पंपाला सांगणारा मधला कोड. स्क्रीन शौनकने लिहिलेली, पण तिचं नाव कोणी घेतलं नाही. स्क्रीन दिसायला छान असते. शिव्या खायला ड्रायव्हर असतो.

"उद्यापासून येऊ नकोस," काका म्हणाले.

ही ऑर्डर मिळाली की इरावती कायम, असं ठरलं होतं. आईने शेजारी सांगूनही टाकलं होतं.

झालं होतं ते इतकंच. फ्लेवियाला ॲसिडिटी. तिने तिखट कमी करायचं बटण दाबलं. शून्य आलं. पण आपल्याकडे शून्यावर कोणाचा विश्वास बसतो? भेळवाल्याला 'तिखट नको' सांगून झालं तरी आपण वर 'अगदीच नको हां' म्हणतोच. तिनेही आणखी दोनदा दाबलं. स्क्रीनने मुकाट्याने उणे दोन दाखवलं आणि तेच खाली धाडलं. पंपाच्या हिशेबात उणे नसतंच. तिथे शून्याखाली गेलेला आकडा उलटा फिरतो, आणि उणे दोनचे होतात कोट्यवधी. एवढी चटणी अख्ख्या कांदिवलीला पुरली असती.

"तू स्क्रीनवर का नाही अडवलंस रे?" इरावतीने शौनकला विचारलं.

"मला वाटलं, ड्रायव्हर बघेल."

"बघत होताच ना! आकडा आत आला की पहिल्याच ओळीत. स्क्रीन उद्या दुसरं कोणी लिहील, तिच्यावर मी का विसंबू? दार माझं आहे. ती तपासणी तिथून काढायला कोणी लावली?"

शौनक बुटांकडे बघायला लागला. काका छताकडे.

काकांनीच लावली होती. चाचणीच्या वेळी बटण दाबताक्षणी 'चुकीची मागणी' अशी पाटी उमटली होती. त्यांच्या गाळ्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाने चंद्र मागितला तरी ते आधी 'हो' म्हणतात, मग चहा सांगतात. "दारातच नाही?" ते तेव्हा म्हणाले होते. "आपल्यात अशी पद्धत आहे का? आत घे, बसव, पाणी दे, मग सांग काय ते. आधी मशीन हललं पाहिजे." इरावतीने नोकरीकडे बघून मान हलवली आणि ती तपासणी पार आत नेली, पंपाच्याही पलीकडे. आता मशीन आधी नळी उघडायचं, मग किती वेळ ते बघायचं, आणि आकडा वेडगळ दिसला की हात झटकून परत फिरायचं. नळी बंद करायला मागे कोणी उरतच नव्हतं.

"मी जाते," इरावती म्हणाली. "पण ही घाण माझ्या नावावर ठेवून नाही जाणार."

तिने लॅपटॉपवरची चटणी ओढणीने निपटली. आतल्या ओळी उचलल्या आणि होत्या तिथे, दारात, बसवल्या. प्लग लावला.

"दाबा आता. तेच दाबा."

"अगो, परत?" फ्लेवियाने पर्स पुन्हा डोक्यावर धरली आणि लांबूनच एका बोटाने दाबलं. उणे एक. उणे दोन.

नळी हललीसुद्धा नाही. पाटी आली: 'हे जमणार नाही. शून्य ते पाच सांगा.'

काकांनी डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकाला तोंडावर नकार, आणि तोही लेखी.

फ्लेवियाने पर्स खाली घेऊन पाटी वाचली. मग इतक्या जोरात हसली की पर्सवरचे थेंब पुन्हा उडाले.

"झकास! माझ्या स्टॉलवरच्या पोरांना असं नाही म्हणायला जमत नाही. कोणी काय पण मागतो, आणि ही पोरं भेळेची वाट लावतात. घेतलं मशीन. दोन द्या."

"हो, हो!" काका चटणीसकट उजळले.

"एक हे. दुसरं मघाच्यासारखं."

"मघाच्यासारखं?"

"ऑगस्टीन म्हणून माझा दीर आहे. स्टॉल माझ्या बरोब्बर समोर टाकलाय मेल्याने. त्याला वाढदिवसाला भेट."

काकांनी क्षणभर विचार केला. म्हणजे केलाच नाही.

"हो! का नाही? इरावती, बेटा, त्या तुझ्या ओळी परत आत नेता येतील ना?"

इरावतीने लॅपटॉप मिटला.

"पुढचं सगळं नंतर, काका. आधी एक तपासू दे. मी इथे कामाला आहे का?"